टोपोलॉजीची सुरुवात मायोरानापासून नको

घोडबंदरकर: परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बारावीच्या मुलांसाठी टोपोलॉजिकल सुपरकंडक्टरवर व्याख्यान झालं. सुपरकंडक्टर म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देणारा पदार्थ; टोपोलॉजी म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित; आणि पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थेतच असा गुण असला, तर तो टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर. पाऊण तास नुसतं मायोराना, म्हणजे अशा पदार्थाच्या टोकांशी असावी असं मानलेली, स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेली अवस्था, आणि क्वांटम कॉम्प्युटर. मायोरानाचा पुरावा मांडणारा, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाचा २०१८ चा 'नेचर'मधला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, याबद्दल अवाक्षर नाही. जे अजून सिद्ध व्हायचंय ते मुलांच्या गळी का उतरवायचं? १९८० साली फॉन क्लिट्झिंगना दिसलेल्या क्वांटम हॉल परिणामापासून सुरू करा. तिथे तीव्र चुंबकीय क्षेत्रातल्या अतिथंड पातळ थराचा आडवा रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो: २५,८१२.८ ओहमला १, २, ३ असं भागत जा. नमुन्यात थोडी अशुद्धी असो, कडा वेड्यावाकड्या असोत, आकडा ढळत नाही. टोपोलॉजीची ताकद ती हीच.

वाशीच्या बाई: नाही पटलं, सर. मी अकरावी-बारावीला शिकवते. मायोरानाचं नाव काढलं की मागच्या बाकावरची मुलंही प्रश्न विचारतात. निबंधाचं लपवलं हे चूकच, पण म्हणून विषय टाळायचा? दुसऱ्या संशोधकांनी मूळ मोजमापं मागवली, तेव्हा काही भाग वगळल्याचं उघड झालं. हेच मुलांना सांगा ना! सुपरकंडक्टर तारेच्या टोकांशी मायोराना असू शकतात, ही भौतिकशास्त्रज्ञ किताएव यांची २००१ ची मांडणी त्यामुळे खोटी ठरलेली नाही.

ऐरोलीकर: मी एमआरआय मशिनांची सर्व्हिस करतो. माझं म्हणणं, इतक्या लांब जाताच कशाला? मशिनच्या चुंबकात निओबियम-टायटॅनियमची सुपरकंडक्टर तार असते, द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर. चुंबकीय क्षेत्र त्या तारेत बारीक भोवऱ्यांनी शिरतं. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून टोकं बांधली की फेरे सात होतील, आठ होतील, साडेसात नाही. भोवऱ्याभोवती इलेक्ट्रॉनांच्या लहरीची कलाही (फेज) तशीच पूर्ण फेरा घेते. भोवरे सरकले तर तार तापते, म्हणून धातूत मुद्दाम दोष ठेवून ते अडकवतात.

घोडबंदरकर: भोवरा टोपोलॉजिकल, पण तो पदार्थ टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर नव्हे. मुलं गोंधळतील.

वाशीच्या बाई: गोंधळू देत. तो फरक विचारायला उभं राहिलेलं मूल मला हवंय.

घोडबंदरकर: फेऱ्यांचं उदाहरण मात्र मी घेणार. क्वांटम हॉलचा पूर्णांक आधी, हा माझा आग्रह कायम.

ऐरोलीकर: माझ्याकडे त्या तारेचा वीतभर तुकडा आहे. कापलेल्या टोकाला भिंग लावलं की तांब्यात बसवलेले निओबियम-टायटॅनियमचे ठिपके दिसतात. रविवारी घेऊन येतो.