मदत हवी आहे: रॉबी कीनच्या कोणत्या मॅचेस बघू?

मंडळी, जरा मदत करा ना. भाच्याला आयर्लंडचा फुटबॉलपटू रॉबी कीन कोण ते दाखवायचंय, त्याला फक्त एम्बाप्पे माहितीये. आयर्लंडसाठी १४६ मॅचमध्ये ६८ गोल, २००२ च्या वर्ल्डकपला जर्मनीविरुद्ध इंज्युरी टाइममधला बरोबरीचा गोल, तो तर दाखवणारच, पण क्लबच्या कुठल्या मॅचेस घेऊ? वुल्व्ह्ज, कॉव्हेंट्री, इंटर, लीड्स, स्पर्स (टॉटनहॅम), मग २००८ ला लिव्हरपूल आणि सहा-सात महिन्यांत परत स्पर्स (हे प्रकरण मला अजून झेपलं नाही, कोणी नीट सांगेल का?), पुढे अमेरिकेत एलए गॅलेक्सीत तीन एमएलएस कप (तिथल्या लीगची ट्रॉफी). शेवटी आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) कोलकात्याच्या एटीकेकडून खेळला, त्या मॅचेस पूर्ण कुठे मिळतील? नुसते हायलाइट्स नकोत, बॉल नसताना कसा पळायचा तेच दाखवायचंय.