मूलपेशी वेगळ्या करण्याचे पेटंट: प्रतिपिंड निराळे असूनही उल्लंघन कसे?

प्रश्न
अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी सीडी३४ प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरील एक ओळखखूण) असलेल्या मूलपेशी वेगळ्या करण्यावरून अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि सेलप्रो कंपनी यांच्यात झालेल्या खटल्याचा मी अभ्यास करत आहे. सेलप्रोने वापरलेले प्रतिपिंड (प्रतिजनाला चिकटणारे प्रथिन, ज्याच्या मदतीने या पेशी वेगळ्या काढतात) हॉपकिन्सचे नव्हते. ते सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात तयार झाले होते. मग उल्लंघन कसे ठरले? आणि बंदी आली असती तर उपचार घेणाऱ्या रुग्णांचे काय झाले असते?

उत्तर १
प्रतिपिंड कोणी तयार केले याला येथे महत्त्व नाही. पेटंटमधील दाव्याची शब्दरचना पाहावी लागते. हॉपकिन्सचे संशोधक कर्ट सिव्हिन यांच्या १९९० च्या पेटंटमधील दावा एका प्रतिपिंडापुरता नव्हता. पेशीसंग्रहात जमा केलेल्या विशिष्ट पेशीरेषेचे प्रतिपिंड ज्या प्रतिजनाला चिकटते, त्यालाच चिकटणारे कोणतेही मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारे, एकसारखे) प्रतिपिंड त्यात येत होते. सेलप्रोचे प्रतिपिंड वेगळ्या वर्गाचे असले तरी चिकटत होते त्याच प्रतिजनाला. एवढा व्यापक दावा एका उदाहरणाच्या बळावर टिकावा का, हा खरा वादाचा मुद्दा होता, आणि माझ्या मते तो आजही आहे. १९९५ मध्ये ज्युरीने सेलप्रोच्या बाजूने कौल दिला होता, परंतु न्यायाधीशांनी तो रद्द केला. १९९७ मध्ये दुसऱ्या ज्युरीने सुमारे २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली, आणि उल्लंघन हेतुपुरस्सर असल्याने ती तिप्पट झाली. १९९८ मध्ये अपील न्यायालयानेही हा निर्णय मुख्यतः कायम ठेवला.

उत्तर २
रुग्णांविषयी: संशोधनाला सरकारी पैसा मिळाला असल्याने, सरकारने हस्तक्षेप करून आपल्याला परवाना मिळवून द्यावा, अशी विनंती सेलप्रोने केली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये ती नाकारली. मात्र न्यायालयाच्या बंदी आदेशातच सवलत होती: हॉपकिन्सच्या बाजूच्या बॅक्स्टर कंपनीच्या उपकरणाला मान्यता मिळेपर्यंत सेलप्रोचे उपकरण रुग्णालयांना मिळत राहणार होते. कंपनी स्वतः १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

उत्तर ३
दावा टिकतो की नाही या प्रश्नावर नाळेतील रक्ताचे उदाहरण याच्याशी ताडून पाहावे. फार्मास्टेम कंपनीने, गोठवून ठेवलेल्या अशा रक्तावर आणि त्याच्या प्रत्यारोपणातील वापरावर दावा सांगितला होता. ज्युरीने २००३ मध्ये तो मान्य केला. पण अशा रक्तात मूलपेशी असतात आणि पेशी गोठवता येतात हे आधीच माहीत असल्याने ही पुढची पायरी स्वाभाविकच होती, असे म्हणून अपील न्यायालयाने २००७ मध्ये ते दावे अवैध ठरवले.