मदत हवी आहे : वरकस जमिनीवर कार्बन क्रेडिटची झाडं, करार करावा का?

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमची सामायिक वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे. वरच्या अंगाला काका अजून नाचणी-वरी करतात, बाकी गवत. त्यावर वाडीतली गुरं चरतात. आता एक कंपनी कार्बन क्रेडिटसाठी झाडं लावायला मागे लागली आहे. रोपं फुकट, करार 30 वर्षांचा. एक टन कार्बन डायऑक्साइड शोषला की एक क्रेडिट, ते कंपनी विकणार, इथवर कळलं. पण पैसे झाडं वाढून मोजणी झाल्यावर. तोवर नाचणी विकत आणायची का? एजंट म्हणतो, "पडीकच तर आहे!" त्याला गुरं दिसत नाहीत बहुतेक.

असा करार कोणी केलाय का? झाडांच्या दोन ओळींमध्ये नाचणी घ्यायची मुभा लेखी मिळते का? आणि वणव्यात झाडं गेली तर भुर्दंड कोणाच्या माथी? आमच्याकडे मार्च-एप्रिलात वणवा नवा नाही.

बांबू 2017 पासून वन कायद्याच्या 'झाड' व्याख्येत नाही, म्हणजे तोडणी सोपी, म्हणून फक्त बांधावर बांबू असं सुचवावं म्हणतोय. कंपनी ऐकेल?

दोन हिस्सेदार सहीला तयार, काका नाहीत. मसुदा इंग्रजीत आहे. चिपळूण-रत्नागिरीकडे तो नीट वाचून देणारा वकील माहीत असेल तर कृपया सांगा.