मदत हवी आहे : 1985 ची पोर्ट आठ जणांत वाटून ऑनलाइन चाखायची आहे

द्राक्षवेल
येत्या शनिवारी आम्ही आठ जण आपापल्या घरी बसून, पडद्यावर एकमेकांसमोर, 1985 ची एकच पोर्ट (पोर्तुगालची गोड, मद्यार्क मिसळून कडक केलेली वाइन) चाखणार आहोत. 750 मिलिलिटरची बाटली माझ्याकडे आहे आणि प्रत्येकाचे 90 मिलिलिटर लहान कुप्यांत भरून गुरुवारीच पोचते करायचे आहेत. दोन दिवसांत तिची चव उतरेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

जुनेबूच
नक्कीच उतरेल. 1985 हे पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेले व्हिंटेज वर्ष आहे, म्हणजे त्या एकाच उत्तम सुगीची पोर्ट वेगळी बाटलीबंद केली गेली. अशी पोर्ट सुगीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बाटलीत जाते आणि पुढे दशकानुदशके तिथेच मुरते, त्यामुळे तळाशी भरपूर गाळ साचतो. बाटली किमान एक दिवस उभी ठेवावी, मानेमागे दिवा धरून सावकाश ओतावी आणि गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की हात थांबवावा. एवढे करूनही एका दिवसानंतर तिचा सुगंध विरू लागतो, म्हणून वाटून पाठवण्याचा बेतच मला पटत नाही.

सावकाश
ही व्हिंटेजच आहे, हे धागाकर्तीने कुठे म्हटले आहे? कोल्येता, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची आणि किमान सात वर्षे लाकडी पिंपात मुरलेली टॉनी (तपकिरी झालेली पोर्ट), हिच्या लेबलावरही सुगीचे वर्ष असते. त्यावर बाटलीबंद केल्याचे दुसरे वर्ष आहे का, बूच कसे आहे आणि उजेडात रंग कसा दिसतो, हे आधी कळवावे.

मधुघट
सोबत स्टिल्टन (निळ्या बुरशीचे इंग्लिश) चीज आणि अक्रोड अवश्य ठेवा. ही जोडी मला आजवर कधीच कमी पडलेली नाही.

जुनेबूच
बूच भुसभुशीत असेल तर ते काढायचा स्क्रू लावूच नये. चिमटा लाल होईपर्यंत तापवून बाटलीच्या मानेला धरावा आणि लगेच त्या जागी थंड ओले फडके लावावे. मान सरळ तुटते.

द्राक्षवेल
लेबलावर 2016 हेही वर्ष आहे. बुचाला वरून काळी टोपी असून ते हाताने निघेल असे दिसते. रंग विटकरी आहे, कडेला सोनेरी.

सावकाश
मग ही कोल्येताच, आणि चिमट्याचा प्रश्नच मिटला. तीसएक वर्षे पिंपाच्या लाकडातून हवा लागत गेल्याने हिची हवेशी ओळख आधीच झालेली आहे. व्हिंटेज जिथे एक-दोन दिवसांत कोमेजते, तिथे ही थंड जागी काही आठवडे टिकते. गाळही बहुधा नसेल. कुप्या काचेच्या घ्याव्यात, झाकणाला साबणाचा किंवा रबराचा वास नाही याची खात्री करावी आणि सर्वांनी ती 12 ते 14 अंशांवर प्यावी, नाहीतर मद्यार्कच पुढे येतो.

जुनेबूच
टिकते हे मान्य, पण सुक्या जर्दाळूचा आणि संत्र्याच्या सालीचा तो पहिला दरवळ ओतताना निम्मा उडून जातो. मी असतो तर कुप्या निघण्याच्या अगदी आधी भरली असती.

द्राक्षवेल
भरणे बुधवारी रात्रीच शक्य आहे. माझ्या कुप्या 100 मिलिलिटरच्या आहेत. वरची मोकळी जागा चालेल का?

सावकाश
चालेल, पण ती भरून काढता आली तर उत्तम. स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या लहान काचेच्या गोट्या आधी कुपीत टाकाव्यात आणि मग पोर्ट झाकणापर्यंत येऊ द्यावी.