'बेस्ट ऑफ ब्रीड' म्हणे!

खडूस कारकून: काल इथेच एकाने लिहिलं, "आमची नवी ईआरपी बेस्ट ऑफ ब्रीड आहे, पगारापासून गोदामापर्यंत सगळं एकाच सॉफ्टवेअरात." डोकंच फिरलं. अहो, हा श्वानप्रदर्शनातला किताब! प्रत्येक जातीतला सरस कुत्रा तो बेस्ट ऑफ ब्रीड. हे पुढे गटात उतरतात. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात जातींचे असे 7 गट. गटविजेत्यांतून एकच बेस्ट इन शो. म्हणजे तुम्ही मिरवताय ती पहिली फेरी. आणि सॉफ्टवेअरमध्ये पगाराचं एकाकडून, गोदामाचं दुसऱ्याकडून, ज्याचं त्या कामात उत्तम त्याचं घेणं म्हणजे बेस्ट ऑफ ब्रीड. तुमचं नेमकं उलटं!

ईआरपीग्रस्त: लिहिणारा मीच. विक्रेत्यांच्या पीपीटीत हा शब्द 'एकदम भारी' याच अर्थाने येतो, कुत्रं कुणाच्या मनातही नसतं. आणि तुमचं ते वेचून घेणं आम्ही भोगलंय. पगाराच्या सॉफ्टवेअरात कर्मचारी क्रमांक 004512, हजेरीच्यात नुसता 4512. दर महिनाअखेरीला दोन याद्या जुळवायला एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावत रात्री जागवल्यात. तेव्हा कुठे होतात?

शेपटीवाला: अवांतर: तिथे तरी 'बेस्ट' म्हणजे काय? परीक्षक कुत्र्याला त्या जातीच्या लेखी निकषांशी ताडून बघतो. चपट्या तोंडाच्या हौसेपायी बुलडॉगला धड श्वास घेता येत नाही. बीबीसीच्या माहितीपटाने 2008 मध्ये हे चव्हाट्यावर आणलं, आणि 2009 मध्ये त्यांनी क्रफ्ट्स, म्हणजे ब्रिटनमधलं मोठं श्वानप्रदर्शन, दाखवलंच नाही. मावशीचा पग एक जिना चढला की पायरीवर फतकल मारून घरघरतो.

पगची आई: मावशीला सांगा, खाणं कमी करा त्याचं! आमचा रोज टेकडी चढतो. सरसकट सगळ्यांना झोडपू नका.

शेपटीवाला: मे महिन्यात दुपारी चढवून दाखवा.

पगची आई: दुपारी तुम्ही तरी चढता का हो? घरात एसीत बसून प्राणिप्रेम शिकवू नका.

खडूस कारकून: धागा कशाचा, चाललंय काय!

ईआरपीग्रस्त: चालू द्या, तुमच्या व्याख्येपेक्षा हे बरं. बरं, व्याख्या तुमची खरी, घ्या किताब. पुढच्या मीटिंगला विक्रेत्याला विचारतो, "तुमचा माल कुठल्या गटात बसतो?" कंत्राट मोडलं तर बिल तुमच्या नावे.

खडूस कारकून: पाठवा. जीएसटीसकट.