आमरस, फणसपोळी, बेदाणे आणि आपली शुगर: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडी: सकाळी आढीतनं पायरी काढली आणि वासासरशी अप्पा आठवले. रसात वरून साखर घातली नाही म्हणजे चालतो, अशी आमची समजूत. त्या दिवशी पुरीबरोबर त्यांच्या दोन वाट्या झाल्या. दोन तासांनी बोट टोचलं तर ३१२. कापूस बोटावर तसाच दाबून अप्पा मशीनकडं बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, रस नको, दोन फोडी खा आणि तेवढी पोळी कमी करा. वाट्या मीच भरल्या होत्या, ते अजून लागतं. तुमच्याकडं काय झालं?

खानापूरची लेक: फणसपोळी!! आई पेढ्याला हात लावायची नाही, पण डब्यातली फणसपोळी येता-जाता तोंडात. सुकवलं की पाणी जातं, साखर तिथंच राहते. गरे चार खाल्ले की पुरे होतात, पोळीचं तसं नाही. कुकर झाला, येते.

निपाणकर: माझं उलटं. इन्सुलिन टोचलं आणि जेवायच्या आत बस आली. संकेश्वरच्या पुढं दरदरून घाम, हात थरथर, शुगर ५८. शेजारच्या मावशींनी लेकराचा ज्यूस दिला. अर्धा कप प्यालो, पंधरा मिनिटांनी ८४. चोथा नसतो म्हणून रस झटकन रक्तात उतरतो. एरवी वर्ज्य, त्या दिवशी त्यानंच वाचवलं. मावशींचं नावही विचारलं नाही.

टिळकवाडी: वाचून काटा आला दादा. आता ग्लुकोज खिशात ठेवता ना?

अथणी: आमच्यात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतोय. मूठभर बेदाणे म्हणजे किती द्राक्षं पोटात गेली, बगा की ओ. मी दोन वर्षं "सुका मेवा चांगला" म्हणून खाल्लो.

निपाणकर: हो, खिशात असतंच.

हुक्केरी: जांभळाच्या बियांची पावडर घ्या सगळ्यांनी.

खानापूरची लेक: आले. हुक्केरी, हात जोडते, गोळ्या बंद करून नको. मामांनी तसंच केलं, तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (HbA1c) ७.२ टक्क्यांवरून १०.८ झाली. फळातल्या साखरेला इन्सुलिन लागत नाही, असंही त्यांना कुणी सांगितलेलं. फ्रुक्टोज यकृतात जातं हे खरं, पण फळात ग्लुकोजही असतंच की, त्याला लागतंच.

हुक्केरी: गोळ्या चालूच आहेत ताई. मामा आता कसे आहेत?

खानापूरची लेक: बरे आहेत. पेरू खातात, सालासकट.

अथणी: पायरी काय डझन मिळाली ओ?

टिळकवाडी: विकतची नाही, अप्पांनी लावलेल्या झाडाची. या, देते.