सुक्या बोंबलाआधी मिश्रीची डबी बघा

"कॅन्सर टाळायचा तर सुकी मासळी बंद करा, रात्री हळदीचं दूध घ्या" असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण मला तो अर्धाच पटला. कर्करोगकारक म्हणून पक्की ठरलेली खारवलेली मासळी ही चिनी पद्धतीची. आपल्या सुक्या बोंबलांवर, सोड्यांवर (सुक्या कोळंबीवर) तसा शिक्का नाही. मीठ जास्त असतं, तेव्हा भिजवून धुऊन घ्या आणि बेताने खा, झालं. हळदीचं दूध खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कोकणात खरी अडचण आहे ती मिश्रीची, म्हणजे तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची. दात घासायला म्हणून सुरू होते, मग दुपारी, संध्याकाळीही बोट फिरतंच. नवऱ्याच्या विडीवर बोलणारी बाई मिश्रीला तंबाखू मानायलाच तयार नसते! सुपारीचंही तेच. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा अभिमान मलाही आहे, पण तंबाखू न घातलेलं, नुसत्या सुपारीचं विड्याचं पानसुद्धा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच प्रसिद्ध केलंय. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं, तोंड उघडेना होतं. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवडे टिकला, तर दुखत नसलं तरी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

दारूनेही कॅन्सरचा धोका वाढतो; घरची, शुद्ध म्हणून ती त्यातून सुटत नाही. आणि घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळण्यासाठी एचपीव्ही या विषाणूवरच्या लशीची चौकशी जवळच्या आरोग्य केंद्रात जरूर करा.